आरसा एक, काच साफ

आमच्या घरात एक खोली होती. तिथल्या कुठल्याही वस्तूचा वापर करायचा नाही, असा अब्बांचा हुकूम होता. हात लावला तर मोडेल म्हणून नव्हे. तिथे मोडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. भिंतीवर चार घड्याळं होती, चारही बंद. ज्या घटकेला जे घड्याळ घरात आलं, त्या घटकेला अब्बांनी त्याचा लंबक काढून कपड्यात गुंडाळून ठेवला होता. त्यामुळे एकात सव्वादहा, एकात पावणेपाच, असे चार वेगवेगळे वखत तिथे कायमचे टांगलेले असायचे. शिलाई मशिनचा पट्टा काढलेला. रेडिओचे सेल काढलेले. एक लाकडी पाळणा होता, तो हलू नये म्हणून सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेला. वस्तू ज्यांच्या होत्या ते लोक गावात जिवंत हिंडत-फिरत होते, पण खोलीत शिरलं की ते सगळे गेल्यासारखं वाटायचं. अम्मी झाडू मारायला जायची तीसुद्धा दार उघडं ठेवून.

आमचा मोहल्ला गिरणी आणि मागवाल्यांचा. अब्बा एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होते, अक्षर मोत्यासारखं, म्हणून मोहल्ल्यातल्या लोकांनी बिनव्याजी मंडळाची वही त्यांच्या गळ्यात घातली होती. दर जुम्म्याला घरटी एक रुपया जमायचा. ज्याला नड असेल त्याने न्यायचा आणि जेवढा नेला तेवढाच परत आणायचा. शंभर नेले की शंभरच, वर एक पैसा नाही. वहीच्या कागदाला आठ आणे घ्यायचे, त्यावरूनसुद्धा काही लोक चेष्टा करायचे की हाशिमभाईंनी सूदला टोपी घालून आत घेतलंय. सूद म्हणजे व्याज, त्या शब्दाने अब्बा चिडायचे. मग कागद कितीला आला, शाई कितीला आली, याची पावती काढून समोर धरायचे. धंद्याला पैसा हवा असेल तर गोष्ट वेगळी होती. तिथे मंडळ भागीदार व्हायचं. नफा झाला तर वाटून घ्यायचा, बुडालं तर मंडळाचंही बुडालं. एका पावभट्टीत मंडळाचे पैसे असेच बुडाले. भट्टीवाला रडत आला तर अब्बा त्याला म्हणाले, "तुझी मेहनत गेली, आमचा पैसा गेला. बरोबरी झाली. घरी जा."

आजकाल मोठ्या शहरांतले सूट घातलेले लोक याच गोष्टींवर व्याख्यानं देतात. माझ्या भाच्याने मोबाइलवर एक दाखवलं. भागीदारीला, तारणाला, सगळ्याला लांबलचक अरबी नावं, पडद्यावर रंगीत चक्रं. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे हे सगळं पत्र्याच्या एका पेटीत आणि एका खोलीत मावत होतं.

तर ती खोली. कर्ज मोठं असलं की लोक काहीतरी तारण ठेवायचे. सोनं कुणाकडे होतं? जे असेल ते आणायचे. आणि तारणाचा नियम असा, की ती वस्तू अमानत, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. तिच्यापासून आपण तिळभर जरी फायदा घेतला, तर तो फायदा म्हणजेच व्याज. पैशात घेतलं काय आणि वस्तूत घेतलं काय. तारणाच्या घड्याळात वेळ बघितली तरी सूद, म्हणून घड्याळं बंद. अम्मी एकदा वैतागून म्हणाली होती, "मशिन पडून गंजतंय, पोरीचा एक झगा शिवते." अब्बा जेवत होते. हातातला कडक भाकरीचा तुकडा त्यांनी ताटात ठेवला आणि म्हणाले, "नक्को बोले तो नक्को." कर्जदाराने आणलेलं खाणंसुद्धा घरात येऊ द्यायचे नाहीत. कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडून भेट घेणं म्हणजे मागच्या दाराने व्याज घेणं.

हे सगळ्यात जास्त जाचलं ते नरसम्मा मावशीच्या वेळी. मावशी सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या घरातली. तिचा नवरा मल्लेशम यंत्रमागावर होता, आणि खोकून खोकून त्याचा पार सांगाडा झाला होता. दवाखान्यासाठी तिला पैसे हवे होते. एका सकाळी ती हातगाडीवर एक आरसा घालून आली. सागवानी चौकटीचा, माझ्या कमरेपासून डोक्याच्या वर जाईल एवढा. तिच्या आईचा होता. अब्बांनी वहीत लिहिलं, तिने अंगठा उठवला, आणि जाताना चिंध्यांत बांधलेला शेंगाच्या चटणीचा डबा पुढे केला.

"घ्या की भाई, घरची हाय. लई तिखट न्हाय केली."

"अक्का, कर्ज फिटल्यावर आणा. तवा दोन डबे खाईन," अब्बा म्हणाले.

चटणीचा वास अंगणात राहिला आणि डबा परत गेला. अम्मीने त्या दिवशी अब्बांचं ताट आदळूनच ठेवलं. अब्बांनी आरसा खोलीत पेटीवर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. आरशात तोंड बघितलं तरी वापर झाला, नाही का!

आता माझं सांगते. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. घरात आरसा म्हणजे अब्बांचा दाढीचा, तळहाताएवढा, त्यात एका वेळी एक डोळा किंवा एक गाल दिसायचा. आपण अख्ख्या कशा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. शाळेतल्या मुली म्हणायच्या, रजिया, तू चालताना एक खांदा वर करतेस. मला ते बघायचं होतं, एवढंच. खोलीची किल्ली अम्मी ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवायची. दुपारी अब्बा कारखान्यात, अम्मी आडवी झालेली, बाहेर सोलापूरचं ऊन. मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला, किल्ली काढली, आत गेले आणि आरसा माझ्याकडे वळवला.

पहिल्यांदा मी मला बघितलं. खांदा खरंच वर होता. आणि काचेवर, माझ्या डोक्याच्या वीतभर वर, एक टिकली चिकटवलेली होती. गोल, मखमली, गडद तांबडी. हिंदू बायका आंघोळीच्या वेळी टिकली काढून आरशाला लावतात, हे मी मैत्रिणींच्या घरी बघितलेलं होतं. मला वाटलं, मावशीची राहिली असेल. तिला हात लावायचं धाडस मला झालं नाही.

मग मी रोज जाऊ लागले. रोज म्हणजे रोज. फरशीला एक तडा होता, त्यावर पाय ठेवून उभी राहायचे. बघायचे, आरसा परत भिंतीकडे करायचे, किल्ली ज्वारीत. चहूकडच्या कारखान्यांतले माग खटाखटा चालू असायचे, पण त्या खोलीत तो आवाज दबून यायचा. कधी रस्त्याने ट्रक गेला की लंबक नसलेल्या घड्याळांपैकी एक आतल्या आत एकदाच टक् करायचं. मी दचकायचे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कसली ओढ होती ती, या वयातही सांगता येत नाही.

थंडी संपता संपता माझ्या लक्षात आलं, की टिकली आता वीतभर वर नाही. ती माझ्या भांगाला टेकली होती. मला आनंद झाला, मी उंच होतेय! त्याच आठवड्यात अम्मीने मला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं केलं आणि कोळशाने रेघ मारली. मागच्या ईदच्या रेघेपेक्षा दोन बोटंसुद्धा वर नव्हती.

"खाती काय आणि जातं कुटं या पोरीचं!" अम्मी म्हणाली.

मी त्या दोन रेघांकडे बघत राहिले. दोन बोटं मी वाढले होते. मग बाकीचं अंतर कोण चाललं? शहाण्या मुलीने तिथेच थांबायला हवं होतं. मी दुसऱ्या दुपारी गेले आणि खडूने काचेवर टिकलीच्या खाली बारीक रेघ मारली. चार दिवसांनी ती रेघ टिकलीच्या वर होती. रेघ मी पुसून टाकली, आणि हे कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी मी आत काय करत होते, ते सांगावं लागलं असतं.

चैत्रातली एक दुपार. वीज गेली होती, त्यामुळे सगळे माग एकदम बंद पडले. ज्याने सोलापुरात लहानपण काढलंय त्यालाच ती शांतता कळेल. आपण बहिरे झालो की काय असं वाटतं. मी तड्यावर उभी राहिले. टिकली बरोबर माझ्या कपाळाच्या मधोमध दिसत होती. ओढणी डोक्यावर घेतलेली मी आणि मला टिकली. दुसरीच कुणीतरी बाई मी असल्यासारखी माझ्याकडे बघत होती. घाबरले म्हणावं तर पळाले नाही. उकाडा भयंकर होता, काच गार असणार असं वाटलं, आणि मी पुढे होऊन कपाळ काचेला टेकवलं. काच गार होतीच. किती वेळ तशी उभी होते, आठवत नाही.

बाहेर आले तर अम्मी उठून भाकरी थापत होती. तिने वर बघितलं. तिचा हात परातीतच थांबला.

"ये क्या लगा के आई?"

मी कपाळाला हात लावला. टिकली माझ्या कपाळावर होती. अम्मीने पिठाच्या हाताने ती ओरबाडून काढली, एक सणसणीत मुस्काटात दिली, आणि टिकली चुलीत टाकायला गेली, पण का कोण जाणे, टाकली नाही. भिंतीला चिकटवून ठेवली. संध्याकाळी पूर्व भागातून एक पोरगा सायकलवर निरोप घेऊन आला. नरसम्माचा नवरा गेला. कधी? दुपारीच, वीज गेली होती तेव्हा.

मला ताप भरला. तापात मला एकच गोष्ट कळत होती. टिकली मावशीच्या सौभाग्याची होती, आणि ती मी घेतली होती. तारणातून फायदा घेतला, तो दिवसादिवसाने वाढत गेला, आणि शेवटी माणसाचा जीव वसूल करून थांबला. अब्बा आम्हाला समजावून सांगायचे की व्याज म्हणजे कर्जदाराच्या घरातून न मागता उचललेली वस्तू. मी तर त्या घरातला माणूसच उचलला होता. मावशीला हे सांगितल्याशिवाय आपण जगायचं नाही, आणि सांगितलं तर ती आपल्याला जगू देणार नाही, असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी मी अब्बांना सगळं सांगितलं. ते खोलीचं कुलूप काढत होते. ऐकून ते तिथेच उंबऱ्यावर बसले. मला वाटलं होतं ते टिकलीचं विचारतील, खडूच्या रेघेचं विचारतील. त्यांनी विचारलं, "कितने बार देखी?"

"रोज."

"कवापासून?"

"आरसा आला तवापासून."

त्यांनी किल्ली कुलपातून काढून घेतली. मग म्हणाले, "बेटा, तू सूद खाल्लास. माझ्या घरात." मारलं असतं तर बरं झालं असतं. अब्बांच्या डोळ्यांत पाणी मी त्या आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही एकदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते लग्नाचे मांडव घालणाऱ्याकडे गेले आणि विचारून आले, एवढा आरसा भाड्याने दिला तर रोजचे किती घेतोस. जो आकडा निघाला त्याला दिवसांनी गुणलं आणि तेवढी रक्कम मावशीच्या कर्जातून वजा केली. मंडळाला तोटा नको म्हणून ती आमच्या घरातून भरायची ठरली, आणि आमच्या घरातून म्हणजे माझ्याकडून. शेजारच्या हमीदाखालाकडे बसून मी उन्हाळाभर विड्या वळल्या. तंबाखूने डोकं गरगरायचं, बोटांना पानाचा वास राहायचा. खोलीचं दार आमच्या ओसरीवरून समोर दिसायचं. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

पाऊस लागायच्या आत नरसम्मा मावशी आली. कपाळ रिकामं, हातात शेवटच्या हप्त्याचे पैसे. अब्बांनी मला बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर उभं केलं. अब्बांनी वही उघडली आणि आधी स्वतःच सांगितलं, की अक्का, तुमची अमानत मला सांभाळता आली नाही, माझ्या पोरीने तुमचा आरसा वापरला, त्याचं भाडं हे असं वजा केलंय.

मावशीने हिशेब ऐकला. तिला थोडं हसूच आलं. "म्हंजे माझंच तुमच्याकडं येणं निघालं की, भाई."

"हौ. दोन रुपये बारा आणे," अब्बा गंभीरपणे म्हणाले आणि पैसे पुढे ठेवले.

मग मला राहवलं नाही. मी रडत रडत सगळं बोलून टाकलं. टिकली, ती खाली कशी आली, माझ्या कपाळाला कशी लागली, त्याच दुपारी मल्लेशमकाका कसे गेले. मावशी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला शाप देणार. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे तळवे सुताने कापून खरखरीत झाले होते.

"पोरी, येडी हाईस का? माझा नवरा तुज्या बघण्यानं गेला न्हाय. कारखान्यातल्या धुळीनं गेला. वीस वर्सं गिळत हुता तो ती."

माझा बांध फुटला. दोन महिने छातीवर बसलेला धोंडा उतरला, आणि मी तिच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देत राहिले. अम्मीसुद्धा दारात उभी राहून डोळे पुसत होती. मग तिने भिंतीची ती टिकली कागदावर घेऊन आणली, की अक्का, ही तुमची.

मावशीने टिकली बघितली. तिने ती हातात घेतली नाही.

"ही माझी न्हाय, भाभी."

"आरशाला तर होती."

"मी उभ्या जन्मात टिकली लावली न्हाय. आमच्यात मेणावर कुंकू. माझी आई बी तेच. आन् आरसा मी पुसून आनला हुता. असं कोन डागाचं तारन ठेवतं व्हय?"

अब्बांनी वहीची पानं मागे उलटली. त्यांचं मोत्यासारखं अक्षर: आरसा एक, सागवानी चौकट, काच साफ. त्यांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. आतल्या खोलीत एक घड्याळ टक् झालं, आणि रस्त्यावर ट्रक नव्हता.

"मग कुनाची?" मावशीने विचारलं.

आरसा हातगाडीवर चढला, पोत्यात गुंडाळून. मावशीने दुसऱ्याच दिवशी चटणीचे दोन डबे पाठवले आणि अब्बांनी ते घेतले. कर्ज फिटलं होतं. अम्मीने टिकली जाळून टाका म्हणून गहजब केला. अब्बा म्हणाले, आपल्याला ती आपल्या घरात सापडली, म्हणजे कुणाची तरी आहे. दुसऱ्याची वस्तू जाळायचा आपल्याला काय हक्क? त्यांनी तिची कागदात पुडी केली, पेटीत ठेवली आणि वहीत नवी ओळ लिहिली. टिकली एक, तांबडी. मालकाची जागा मोकळी सोडली.

अब्बा गेले त्या वर्षी त्यांनी ती पुडी माझ्या हातात दिली. मी शाळेत मराठी शिकवत होते, नवऱ्याचं घर होतं, पोरं होती. त्यांनी एवढंच म्हटलं, "अमानत है." दुसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं ते तेव्हा. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात आहे. मी कधी उघडली नाही. उघडून बघणं म्हणजे वापरणंच.

मंडळ आता पतसंस्था झालंय. काचेचं दार, थंडगार हवा, टोकन नंबर. व्याज आजही घेत नाहीत, त्याचं मला कौतुक आहे. जुन्या वह्या संगणकात चढवायचं काम तिथला तरुण मॅनेजर करत होता, त्याने परवा फोन करून बोलावलं. म्हणाला, मॅडम, तुमच्या वडिलांच्या वहीतली एकच नोंद अजून उघडी दिसतेय. मी सांगितलं, मालक आलेला नाही, टिकली माझ्याकडे आहे.

"हो, पण संगणक मालकाची जागा मोकळी ठेवू देत नाही," तो म्हणाला. "पुढे सरकतच नाही. वस्तू तुमच्याकडेच आहे म्हणून मी तुमचं नाव टाकलं. काही हरकत नाही ना?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. टिकली एक, तांबडी. मालक: माझं नाव, माहेरचं, वडिलांच्या नावासकट. तो पुढच्या माणसाचं टोकन पुकारू लागला आणि मी उठले.

घरी आले. कपाटाच्या आरशावर ओढणी टाकली, पुडी काढली आणि पलंगावर बसले. अब्बांच्या नियमाने आता कुणाचीच मनाई नाही. मालक वाटेल तेव्हा आपली वस्तू बघू शकतो. अर्धा तास झाला, वीज गेली आहे, बाहेर सगळं एकदम शांत झालंय, आणि पुडी अजून माझ्या हातात आहे.